दाग्रोसला तेल लावल्याची हकिगत

हेलेवीक, शनिवार, १६ नोव्हेंबर
(बाहेर पाऊस. कालही हाच होता.)

आदरणीय तोर्गाईरदादा यांस,

धाकट्या इंगवाल्डचा वाकून नमस्कार (कंबर जेवढी वाकते तेवढा वाकलो आहे, उरलेलं तुम्ही मनातल्या मनात वाकवून घ्या). तुमचं पत्र ऑगस्टात आलं आणि उत्तर नोव्हेंबरात लिहितो आहे, याची आधी माफी मागतो. उशीर आळसानं झालेला नाही. ऑक्टोबरात मी चार पानं लिहून टेबलावर ठेवली आणि पाकीट शोधायला आत गेलो, तेवढ्यात शेजारच्या मांजरानं ती खिडकीतून पळवली. दुसऱ्यांदा लिहिलं ते पाकिटात घालून पेटीत टाकलं, तर टपालवाल्या बाई दोन बोटांत धरून परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "इंगवाल्ड, माझ्या पिशवीत इतरांचीही पत्रं असतात हो." तेव्हा हे तिसरं. कोपरापर्यंत हिरव्या साबणानं हात धुऊन, दारं-खिडक्या लावून, धुण्याच्या खोलीत बसून लिहितो आहे. तरी पत्र आधी जरा वाऱ्यावर धरावं आणि मग वाचावं, ही विनंती.

तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा? तिकडे रोरोसला उणे बावीस झालं असं रेडिओवर ऐकलं आणि हेवा वाटला. दादा, तुमची थंडी कोरडी. नाक गोठतं, पण गाडी शाबूत राहते. आमच्याकडे बर्फ पडतो वर्षाचे आठ दिवस आणि रस्त्यावर मीठ पडतं पाच महिने. मीठवाली गाडी दुपारी पावसात, शून्याच्या वर तीन अंश असतानासुद्धा मीठ शिंपडत जाते. डावीकडे खारा समुद्र, उजवीकडे खारा रस्ता, वरून पाणी. या गावात माणसं टिकतात ती मुरल्यामुळे टिकतात, पण लोखंडाला मुरणं मानवत नाही. तुमच्या गावी गाडी म्हातारी होऊन मरते, आमच्याकडे ती तरुणपणीच चाळण होते. माझी छाती ठीक आहे, पाय ठीक आहेत, झोप लागत नाही, आणि ती का लागत नाही तेच आता लिहितो.

माझी बोर्गहिल्ड ऑगस्टात होडीघराच्या उतारावर घसरली आणि खुबा मोडला हे तुम्हाला माहीतच आहे. फेरीनं पलीकडे गेल्यावर जे शुश्रूषागृह आहे तिथे ती तीन महिने चालायला शिकते आहे. आता तिला सोडणार आहेत. तारीख ठरली, शुक्रवार, २९ नोव्हेंबर, दुपारी बारा. तिथल्या बाईंनी सांगितलं की रुग्णांसाठी पांढरी गाडी असते, तीत आडवं झोपवून, पट्ट्यानं बांधून घरी पोचवतात. बोर्गहिल्डनं त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी मेले की बांधा. आत्ता मी दाग्रोसमधूनच जाणार, पुढच्या सीटवर, बसून." मी एकटा असताना तिची समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "इंगवाल्ड, तीन महिने मी छत बघतेय. मला धक्क्यापासून घरापर्यंत कुणाकुणाचे पडदे बदललेत ते बघायचंय. आडवं झोपून पडदे दिसत नाहीत." बसमध्ये तिला पायऱ्या चढवत नाहीत. म्हणजे दाग्रोस. आणि दाग्रोसची दर दोन वर्षांच्या सरकारी तपासणीची मुदत नेमकी नोव्हेंबरअखेर संपत होती. तीस तारखेच्या आत पास झाली नाही तर नंबरप्लेटा काढून नेतात. दादा, तुम्ही दाग्रोस शेवटची पाहिलीत ती अकरा वर्षांपूर्वी (शेवटची गाय विकून घेतलेली गाडी, म्हणून गाईचंच नाव ठेवलं, त्यावर तुम्ही खूप हसला होतात). तेव्हा ती तांबडी होती. अजूनही तांबडीच आहे, पण आता त्यातला किती रंग आणि किती गंज हे सांगणं कठीण.

गंज आत किती गेलाय याचा पत्ता आम्हाला मे महिन्यात लागला. आम्ही फेरीकडे चाललो होतो. बोर्गहिल्ड पुढे बसून तुमच्याच नातवासाठी मोजा विणत होती, करड्या लोकरीचा गुंडा पायाशी ठेवलेला. धक्क्यावर थांबल्यावर तिनं धागा ओढला तर तो ताठ. पुन्हा ओढला तर मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. ती शांतपणे म्हणाली, "इंगवाल्ड, आपल्या गाडीला भोक आहे." मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग हा मोजा चर्चच्या वळणापासून सुरू होतोय." पायपुसणं उचलून पाहिलं तर खाली डांबर दिसत होतं, अगदी स्वच्छ, खडी मोजता येईल इतकं. गुंडा तिथून पडून उलगडत गेला होता. मागून आमचे पाद्री येत होते, ते चर्चपासून उतरून चालत, लोकर कोपराला गुंडाळत गुंडाळत आले, आणि त्यांच्यामागे चार गाड्या शिस्तीत, कारण पुढे पाद्री चालताहेत म्हणजे अंत्ययात्रा असणार असं लोकांना वाटलं. एकानं तर टोपी काढली होती. (मोजा पूर्ण झाला. थोडं डांबर आहे, पण डांबरानं पाय उबदार राहतात.)

आता तुम्ही म्हणाल, मी दहा वर्षं सांगतोय. सांगताय, कबूल. दर नाताळच्या पत्रात लिहिता की हिवाळा संपला की खालून गोड्या पाण्यानं धू, वाळव, आणि मेंढीच्या लोकरीपासून काढतात ते पिवळं मेण पोकळ्यांत आतून मार. वसंतात तुम्ही त्या मेणाचा डबाही धाडलात. पण दादा, आपली शाळा एक दिवसाआड होती. तुमचा वर्ग सोमवार-बुधवार-शुक्रवार, माझा मंगळवार-गुरुवार-शनिवार. लोखंड का गंजतं हा धडा तुमच्या वाराला झाला असणार, माझ्या वाराला झाला असता तर मला आठवला असता. मला जे आठवतं ते बाबांचं आठवतं. बाबा होडीला, जात्याला, मालट्रकला, कुंपणाच्या दाराला, सगळ्याला एकच लावायचे, कॉड माशाच्या यकृताचं तेल, आणि उरलेलं चमच्यानं आपल्याला पाजायचे. ट्रक एकतीस वर्षं टिकला. (त्यातली सत्तावीस वर्षं तो कोठारात उभा होता असं तुम्ही म्हणता. तो उभा होता, पण गंजत नव्हता.) आपण दोघंही अजून टिकून आहोत, हा त्या तेलाचाच पुरावा नाही तर काय?

तेलाआधी भोक बुजवायचं होतं. माझा शेजारी ओड्मुंड, जहाजाच्या कारखान्यात चाळीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस, सप्टेंबरात गाडीखाली झोपला आणि स्क्रू ड्रायव्हरनं टोचत टोचत एकेक जागा सांगायला लागला, "इथे गेलं, इथे गेलं, इथे आहे, नाही, इथेही गेलं." पायाखालचा आख्खा पत्रा बदलायला हवा म्हणाला. नवा पत्रा त्याला पसंत नव्हता, आजचा पत्रा कागद आहे असं त्याचं मत. मग तो कॉफी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि भिंतीकडे बघत बसला. भिंतीवर बोर्गहिल्डचा लेफ्सेच्या पातळ पोळ्या भाजायचा तवा टांगलेला होता. तिच्या आईचा, गोल, दोन हात रुंद, पोलादी.

"असा पत्रा आता होत नाही," ओड्मुंड म्हणाला.

मी म्हटलं, तो बोर्गहिल्डचा आहे.

"बोर्गहिल्ड घरी नाहीये."

"येईल ना."

"येईल तेव्हा त्याच्यावरच पाय ठेवून येईल. तिचाच तवा, तिच्याच पायाखाली. तुला काय खुपतंय?"

दादा, मी तीन दिवस झोपलो नाही. चौथ्या दिवशी तवा भिंतीवरून काढला आणि त्या जागी कॅलेंडर टांगलं. कॅलेंडर लहान आहे, बाजूनं काळं वर्तुळ दिसतं. ओड्मुंडनं मात्र काम असं केलं की बघत राहावं, चारी बाजूंनी सलग टाका, कुठे खाच नाही.

मग ऑक्टोबरात तेल. होडीघरात बाबांचं शेवटचं पिंप होतं, झाकणावर खडूनं १९९३ लिहिलेलं. ओड्मुंडनं झाकण उचकटलं आणि आम्ही दोघंही बाहेर पळालो, पैकी मी आधी पोचलो. ओड्मुंड उभ्या आयुष्यात वासाबद्दल तक्रार न केलेला माणूस, तो गवतात बसून म्हणाला, "इंगवाल्ड, हे तेल नाही, हा कुणीतरी आहे." पण तेल उत्तम होतं, जाड, मधासारखं. फवारायला पातळ हवं म्हणून मी ते मोठ्या पातेल्यात घालून, त्यात मेंढीची चरबी मिसळून, घरातल्या चुलीवर गरम केलं. (इथे माझी चूक झाली हे मी मान्य करतो. ब्रेडला वास, चीजला वास, घड्याळालाही वास. घड्याळ उघडून पुसलं, तरी बारा वाजले की येतो.) फवारायला ओड्मुंडनं मेंढ्यांवर औषध मारायचा पंप आणला. तो गाडीखाली नळी घेऊन झोपला, मी पंप मारू लागलो. काही वेळानं तो खालून ओरडला, येत नाही, जोरात मार. मी जोरात मारला. आणखी जोरात म्हणाला. मी आणखी जोरात मारला. नळीचं तोंड चोंदलं होतं, ते उडालं, आणि सगळा हिशेब एका क्षणात चुकता झाला. ओड्मुंड खालून सरपटत बाहेर आला तेव्हा फक्त दात दिसत होते. चष्मा काढून तो शांतपणे म्हणाला, "मी आता शंभर वर्षं गंजत नाही."

उरलेलं आम्ही ब्रशनं लावलं. बोटभर जाड थर. काम झालं तेव्हा दाग्रोस खालून अशी चमकत होती की मला रडू आलं (निम्मं वासानं). मी मनात म्हटलं, दादा इथे असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पहिली दोन मांजरं आली, ओड्मुंडचीच. दुसऱ्या दिवशी सहा. रविवारी मी मोजली, अकरा, त्यातली तीन आमच्या गावची नव्हेत. पंगतीला बसावं तशी रांगेनं गाडीखाली बसून, माना वर करून चाटत होती. मी खराट्यानं हाकलावं, ती कुंपणापर्यंत जावीत, माझी पाठ फिरली की पुन्हा पंगत. माझं जेवण, झोप, सगळं त्या खराट्यावर. मी ओड्मुंडकडे तक्रार केली तर तो म्हणाला, "माझ्या मागेही चार लागलीत. मी काही बोलतोय?"

नोव्हेंबरच्या चार तारखेला, सोमवारी, तपासणीसाठी निघालो. फेरीवर दाग्रोसला सगळ्यात पुढे, उघड्यावर उभं केलं. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच वर केली, मग नवऱ्याला उतरवून टायरखाली काही मेलंय का ते बघायला लावलं. तोवर पहिला समुद्रपक्षी आला. मग वीस. फेरी मध्यावर पोचली तेव्हा दाग्रोसच्या वर ढग होता दादा, पांढरा, किंचाळणारा ढग, आणि तो फेरीबरोबर सरकत होता. आता आपल्या गावची माणसं तुम्हाला माहीत आहेत. पाण्यावर पक्ष्यांचा ढग दिसला की खाली हेरिंग मासळीचा घोळका आला, हे आईच्या दुधाबरोबर शिकलेली माणसं. म्हातारा हाल्वार खिडकीत दुर्बीण घेऊन बसलेलाच असतो. त्यानं ढग पाहिला, दोघांना फोन केला, आणि दहा मिनिटांत तीन होड्या जाळी घेऊन फेरीच्या मागे. एकाच्या अंगात झोपायचा सदरा होता. हाल्वारनं बिनतारी यंत्रावरून आमच्या कप्तानाला दम दिला, "बाजूला हो, तुझ्या खाली हेरिंग आहे."

कप्तान म्हणाला, "खाली नाही, वर आहे. तांबड्या गाडीत."

हाल्वारला ते पटलं नाही. कप्तान मासे एकटा लपवतोय असं तो अजूनही गावभर सांगतो. तीनही होड्या पलीकडच्या धक्क्यापर्यंत आल्या, आणि मी गाडी उतरवून रस्त्याला लागलो तेव्हा ढगही वळला. तेव्हा कुठे हाल्वारनं दुर्बीण खाली ठेवली असं म्हणतात. कप्तानानं मला बोलावून सांगितलं, "पुढच्या वेळी मागच्या टोकाला उभा राहा. किंवा पोहत ये."

तपासणीच्या जागी योरुन नावाची तरुण मुलगी आहे, हातात हातोडी आणि कपाळावर दिवा. तिनं दाग्रोसला लिफ्टवर उचललं, खाली जाऊन वर पाहिलं, आणि एक थेंब बरोबर तिच्या दिव्यावर पडला. ती बाहेर आली, पुसलं, पुन्हा गेली, पुन्हा पडला. मग म्हणाली, "आजोबा, ही गाडी आहे की खारवलेल्या माशाचं पिंप?"

मी म्हटलं, माझ्या बाबांची पद्धत आहे.

"बाबांना नमस्कार सांगा. पण मला पत्रा दिसत नाहीये. जे दिसत नाही ते मला पास करता येत नाही. धुऊन आणा, महिना संपायच्या आत."

मी तिला बोर्गहिल्डचं सांगितलं, पडद्यांचंही सांगितलं. ती ऐकत होती, दिवा पुसत होती. शेवटी म्हणाली, "म्हणूनच नीट बघायचंय मला. पुढच्या सीटवर माणूस बसणार आहे ना?"

तिथून बोर्गहिल्डला भेटायला गेलो. ती केस विंचरून, कानात डूल घालून बसलेली. म्हणाली, "तुझा वास फाटकातून येतो आणि तू वीस मिनिटांनी येतोस. मला तयार व्हायला आता वेळ मिळतो. लग्नात असं कधी झालं नाही." तिच्या खोलीतल्या दुसऱ्या आजींनी झोपेतून उठून विचारलं, "मच्छीवाला आला का? कॉड असेल तर अर्धा घे." बोर्गहिल्ड म्हणाली, "नाही हो, हा घरचाच आहे." मग तिनं मला कुबडी न घेता पलंगापासून खिडकीपर्यंत चालून दाखवलं. सात पावलं. वळून म्हणाली, "एकोणतीस तारखेला ना?" मी म्हटलं, एकोणतीस तारखेला. गाडी नापास झाली हे मी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, पण जाताना माझ्या हातात डबा दिला, त्यात दुपारचे उकडलेले बटाटे होते, म्हणजे तिला कळलं होतं. मी काळजीत असलो की ती मला बटाटे देते.

मग धुणं सुरू झालं. गरम पाणी, हिरवा साबण, ओड्मुंडचा जोराचा फवारा, सोडा, व्हिनेगर. तेल हलेना. एकतीस वर्षं पिंपात वाट बघितलेलं तेल, त्याला एकदाचं घर मिळालं होतं. साबण त्यावरून घसरून माझ्या बुटात जाई. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी मी खराटा टाकून पायरीवर बसलो. मनात म्हटलं, संपलं, आता ती पट्ट्यानं बांधून येणार, छत बघत. मांजरं आली. मी हाकललं नाही. मला हाकलायचा उत्साहच उरला नव्हता. ती चाटत होती, मी बघत होतो. बराच वेळ बघितल्यावर मला दिसलं की जिथे ओड्मुंडचा तो मोठा पिवळा बोका बसतो, तिथे वरचा पत्रा आरशासारखा झाला आहे.

दादा, मी उठलो. ओड्मुंडला हाक मारली. आम्ही दाग्रोसला फळ्यांवर चढवलं, आणि मांजरांना पोचावं म्हणून खाली लाकडी ठोकळे मांडले, लहान मांजरांना उंच, मोठ्यांना बुटके, अगदी मान बघून. ओड्मुंड वाढप्यासारखा फिरून बघत होता. "इथे कुणी नाही," तो म्हणायचा, आणि एखादं उचलून तिकडे ठेवायचा. एक काळं मांजर फक्त मागच्या चाकाशीच बसेल असं हटून होतं, त्याला तिथली जागा कायमची दिली. पाच दिवस. हाकलायला म्हणून जो महिना मी खर्च केला तो कुठल्या हिशेबात धरायचा ते तुम्हीच सांगा. पाचव्या दिवशी बहुतेक पाहुणी पोट वर करून अंगणात पडली होती आणि दाग्रोसच्या पोटावर बोट फिरवलं तर बोट कोरडं.

बुधवारी, तेरा तारखेला, पुन्हा फेरी. पक्षी आले पण तीन-चारच, सवयीनं. योरुननं गाडी वर घेतली आणि खालून पत्र्यावर बोट फिरवून पाहिलं.

"हे कुणी साफ केलं?"

मी म्हटलं, अकरा जणांनी.

"कुठली मंडळी? मला नंबर द्या त्यांचा. मी माणसं पाठवीन त्यांच्याकडे."

"ती फोन घेत नाहीत."

तिनं हातोडीनं ठोकत ठोकत पुढून मागे, मागून पुढे केलं. उजव्या बाजूला पोचली आणि थांबली. "आणि हे गोल काय आहे?" मी खरं सांगितलं, तवा आहे. तिनं ठोकला. तो वाजला, दादा, चर्चच्या घंटेसारखा नाही, पण घंटेच्या चुलतभावासारखा. ती पुन्हा ठोकून ऐकत राहिली. म्हणाली, "वेल्डिंग सलग आहे, पत्रा जाड आहे. नियमात तव्याला मनाई कुठे लिहिलेली नाही." आणि शिक्का मारला. दोन वर्षं. मी तिथल्या तिथे खुर्चीत बसलो. तिनं मला कॉफी दिली आणि स्वतः खिडकीजवळ जाऊन प्यायली, वाऱ्याच्या बाजूला.

तेव्हा दादा, दाग्रोस पास आहे. सीट मागे कलती करून तिच्यावर मेंढीचं कातडं अंथरलं आहे, पायाशी उशी ठेवली आहे, काचा आतून-बाहेरून पुसल्या आहेत, विशेषतः उजवीकडची, पडदे त्याच बाजूला जास्त आहेत. शुक्रवारी बारा वाजता दाग्रोस दाराशी उभी असेल. इकडे बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, नातवाला मोजा घट्ट होतो का ते कळवावं.

आपला धाकटा,
इंगवाल्ड

ता. क. एक गोष्ट वर लिहिताना राहून गेली, म्हणजे राहू दिली. योरुननं भोकांतून बारीक दिवा घालून आतल्या पोकळ्याही पाहिल्या. म्हणाली, बाहेरून तेल होतं तिथे पत्रा पातळच झालाय, तेलाआधीच. पण आतून जिथे पिवळं मेण आहे तिथे लोखंड अगदी नवं आहे, हे कुणी मारलं? ते मी मे महिन्यात, तो लोकरीचा गुंडा पडल्यानंतर, तुमच्या डब्यातलं मारलं होतं. तुम्हाला कळवलं नाही. म्हणजे माझ्या तेलानं मांजरं गुटगुटीत झाली आणि गाडी तुमच्या मेणानं वाचली. हे एकदाच लिहितो आहे, पुन्हा विचारलंत तर नाही म्हणेन.

ता. क. दुसरा. वहिनींकडे एखादा जादा तवा असेल तर हवा आहे. गोल, दोन हात रुंद, जुना. कशाला ते त्यांना सांगू नये. त्या रोज संध्याकाळी बोर्गहिल्डशी फोनवर बोलतात, म्हणून तर मी फोन न करता पत्र लिहितो आहे. भिंतीवरचं वर्तुळ मी खडूनं मापून ठेवलं आहे.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र इथून आहे. येत्या बुधवारी, वीस तारखेला, मला ऐंशी पूर्ण होतात आणि त्या दिवशी माझं लायसन संपतं. पुढे चालवायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो. तुम्ही ऑगस्टच्या पत्रात लिहिलं होतंत की तुम्हाला चौऱ्याऐंशीला दाखला मिळाला आणि डॉक्टर म्हणाले गरुडाची नजर आहे. त्याचं मी अजून उत्तर दिलं नाही, कारण मला राग आला होता. दाग्रोस पास झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. ओड्मुंड आदल्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या दाखल्यासाठी जाऊन आला होता, त्यानं तक्त्यावरची अक्षरं मला लिहून दिली होती आणि मी ती फेरीवर पाठ केली होती, पाचही ओळी. डॉक्टरबाईंनी दिवा लावला आणि मी धडाधड म्हणून दाखवली. त्या म्हणाल्या, "इंगवाल्ड, सुंदर. पण हे आकडे आहेत." ओड्मुंडनंतर तक्ता बदलला होता. खरं वाचायला गेलो तर वरची ओळ आली, दुसरी अर्धी आली, पुढे सगळा पाऊस. मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत करतील, मग बघू म्हणाल्या. फेब्रुवारीपर्यंत मी दाग्रोसमध्ये बसू शकतो, चालवू शकत नाही. ओड्मुंडकडे फक्त ट्रॅक्टरचं लायसन आहे. तो बोर्गहिल्डला ट्रॅक्टरवरून आणायला तयार आहे, पण ते मी तिला विचारणार नाही, कारण ती हो म्हणेल.

तेव्हा दादा, तुम्ही या. तुम्हाला आमचा पाऊस आवडत नाही, मला माहीत आहे. अकरा वर्षांत मीही नीट बोलावलं नाही. तुम्ही एकतीस वर्षं बस चालवलीत, एकदाही कुणाला उलटी झाली नाही. गुरुवारी अठ्ठावीसला पोचा, रात्री खारवलेलं मटण आहे. शुक्रवारी सकाळी आपण दोघं जाऊ. तुम्ही चालवा, ती तुमच्या शेजारी बसेल, मी मागे बसेन, आणि कुणाकुणाचे पडदे बदललेत ते मला ती सांगेल, मला दिसणार नाहीत. तिला मी अजून यातलं काही बोललो नाही. येताना जुना कोट घाला, चांगला आणू नका. उत्तर मिळेल त्या टपालानं धाडा, आमच्याकडे आता टपालही एक दिवसाआडच येतं. लांब लिहू नका, येतो एवढंच लिहा, आणि अक्षर मोठं काढा.